मागचं उडवा

"मागचं सगळं उडालं पाहिजे," मल्लूदादा म्हणाला. "नुसती नवरी राहिली पाहिजे."

कोल्हापुरातल्या त्या दुकानात काउंटरवर निळ्या कापडावर तीन लेन्स मांडल्या होत्या. पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी. तिन्ही प्राइम. प्राइम म्हणजे झूम नाही. माणूस जवळ हवा असेल तर आपण पुढे जायचं, लांब हवा असेल तर आपण मागे सरकायचं. तिन्ही फास्ट, म्हणजे मोठ्या तोंडाच्या. मंगल कार्यालयातल्या मिणमिणत्या ट्यूबलाइटमध्येही फ्लॅशशिवाय काम होईल इतका उजेड आत घेणाऱ्या. नवा कॅमेरा आधीच घेऊन झाला होता. लेन्स मात्र दोनच परवडणार होत्या आणि त्या दोन कोणत्या, यावरून आमचं गडहिंग्लजपासून वाजत आलं होतं.

मल्लूदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. आमच्या काकांनी काढलेला फोटो स्टुडिओ त्यांच्यामागे तोच चालवत होता. मी कोल्हापुरात एका दैनिकात फोटोग्राफर होतो; तिथली माणसं कमी केली तेव्हा माझंही नाव त्यात आलं आणि मी गावी परतून त्याच्या हाताखाली लग्नं काढायला लागलो.

"पस्तीस घेऊया," मी म्हणालो. "आणि पन्नास. पस्तीसमध्ये माणसं बसतात."

"माणसं कुणाला पायजेत? माणसं जेवून जात्यात. पैसे नवरीचा बाप देतो."

"बापसुद्धा माणूसच हाय की."

"शिवा, तू पेपरातनं आलायस. तुझ्या डोस्क्यातनं ते डावीकडून-उजवीकडून जाईना झालंय."

ते खरं होतं. पेपरात फोटोखाली ओळ लिहावी लागायची: डावीकडून अमुक, तमुक, फलाणे. ज्याचं तोंड दिसतं त्याचं नाव पाहिजे, ज्याचं नाव आहे त्याचं तोंड दिसलं पाहिजे. एका पतसंस्थेच्या नव्या संचालकाचं अर्धं तोंड एकदा अध्यक्षांच्या हारामागे गेलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस भावकीसकट ऑफिसात येऊन बसला होता. मी त्याच्यावर चिडलो नव्हतो. त्याचं म्हणणं रास्त होतं.

मल्लूदादाने पंच्याऐंशी कॅमेऱ्याला लावली, तोंड पूर्ण उघडलं, वन पॉइंट फोरवर ठेवलं आणि दुकानातल्या पोरीचा फोटो काढला. तिच्या पापण्यांचे केस वेगवेगळे दिसत होते. कान पुसट झाले होते. मागचं कपाट, त्यातले डबे, गल्ल्यावर बसलेला तिचा मालक, सगळ्यांचे नुसते रंगीत ओघळ. आमच्या धंद्यात याला मागचं उडवणं म्हणतात.

"ह्याला म्हणायचं फोटो," मल्लूदादा म्हणाला.

"मी गेलो की ह्यात," मालक स्क्रीनकडे बघत म्हणाला. "दुकान माझं आणि मीच न्हाई."

आम्ही हसलो. मालक ओळखीचा होता. भांडण मिटत नाही हे बघून तो म्हणाला, तिन्ही घेऊन जावा, दोन दिवस घरी वापरून बघा, नको ती परत आणा.

शारदाच्या लग्नाला तेव्हा तीन आठवडे होते. शारदा मल्लूदादाची धाकटी बहीण. मुलगा निपाणीचा. नव्या लेन्सचं पहिलं मोठं काम तेच असणार होतं आणि ते आपण स्वतःच काढणार, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा देणार नाही, असं मल्लूदादाने पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं. नवरीच्या भावाने कॅमेरा घेऊन फिरायचं म्हणजे काय, म्हणून दोन आत्या रुसल्याही होत्या.

स्टुडिओच्या मागेच घर. दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात शारदाला खुर्चीवर बसवलं आणि आम्ही एकेक लेन्स लावून बघायला लागलो. सोप्यातून स्वयंपाकघरात जायच्या दारात मल्लूदादाची आई, गौराकाकू, सूप मांडीवर घेऊन गवारीच्या शेंगा निवडत बसली होती.

काकूला कोड होतं. ओठांच्या कडेला, डाव्या डोळ्याभोवती आणि दोन्ही मनगटांवर पांढरे चट्टे होते. मी लहान असल्यापासून ते होतेच. आम्हाला ते दिसत नसत, जसा आपल्याला आपल्या घराचा रंग दिसत नाही. काका असताना डार्करूमचं निम्मं काम तीच करायची. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ती नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण घालवायची. स्थळांना दाखवायचे फोटो, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते हवंच असायचं. पंचक्रोशीतल्या किती मुलींची लग्नं त्या पेन्सिलीने जमवली असतील कोण जाणे.

मल्लूदादाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"आई, जरा ऊठ तिथनं. बॅकग्राउंडला येतीस."

"कशाला येतो?" काकूने विचारलं. आमच्या भागात बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

"बॅकग्राउंडला. मागं दिसतीस फोटोत."

"मी हितं तू जन्मायच्या आधीपासनं बसतो. तुझा फोटो माझ्या म्होरं आलाय."

शारदा फिसकन हसली.

"बस मग," मल्लूदादा म्हणाला. "उडवतो तुला. ही लेन्स लावली की तू हाईस का न्हाईस कळणारसुद्धा न्हाई."

काकू सूप घेऊन उभी राहिली. एक हात वर, बोट मल्लूदादाकडे. "कुणाला उडवतोस रं? मला? ह्या घरात?"

तोवर कॅमेरा मी त्याच्याकडून घेतला होता. पस्तीस मीच लावून बघत होतो. अंगणाकडच्या खिडकीतून ऊन चांगलं आत येत होतं. लेन्सचं तोंड आवळून आकडा एटवर ठेवला आणि मी दाबलं. डावीकडे हसणारी शारदा, उजवीकडे काकू, सुपातून खाली पडणाऱ्या चार शेंगा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जिथल्या तिथे.

मल्लूदादाने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "बघ. पसारा. शेंगा मोजून घे." मग त्याने बटण दाबून फोटो मोठा केला. आधी शारदाचं तोंड पाहिलं, मग सरकवत काकूचं. तिथे तो थांबला. पुन्हा फोटो लहान केला. "ही लेन्स नको," तो म्हणाला. या वेळी आवाजात भांडण नव्हतं. "पंच्याऐंशी आणि पन्नास. ठरलं."

पस्तीस दुसऱ्या दिवशी परत गेली. तो फोटो पुसून टाक, असं तो म्हणाला. मी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि मग कार्डावरून पुसला. पेपरातली सवय.

लग्नाच्या दिवशी मल्लूदादाने मला माझा जुना कॅमेरा देऊन पंगतीला आणि वरातीला लावलं. स्टेजवर तो एकटा. दुपारी अक्षता पडल्या, घरच्यांचे फोटो सुरू झाले आणि त्याने मला हाक मारून दुसरी बॅटरी मागवली. मी ती घेऊन स्टेजच्या कडेला त्याच्या खांद्याशी उभा राहिलो. म्हणून मला दिसलं.

नवऱ्याकडचे काका-काकू नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. कॅमेऱ्यावरच्या छोट्या पडद्यावर आकडा फाइव्ह पॉइंट सिक्स. बरोबर. ग्रुप असला की तोंड आवळून घ्यायचं, म्हणजे पुढचे-मागचे सगळे स्पष्ट येतात. हे शिकाऊ पोरालाही कळतं. मग नवऱ्याचे मित्र आले. फाइव्ह पॉइंट सिक्स. मग मल्लूदादा म्हणाला, "आता आई. आई, तू शारदाच्या मागं उभी ऱ्हा. आणखी मागं. हां, पडद्यापाशी. दाजी, तुमची आई-बाबा म्होरं येऊ देत."

काकू अंजिरी रंगाची इरकल नेसली होती. सकाळपासून हसत होती. ती पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. मल्लूदादाचा अंगठा चाकावर गेला. आकडा फिरत फिरत खाली आला. वन पॉइंट फोर.

मला वाटलं चुकून झालं.

"दादा," मी त्याच्या कानाशी म्हणालो, "ग्रुप हाय. फाइव्ह सिक्स कर."

"कळतंय."

"काकू मागं हाय. जाईल ती."

"कळतंय म्हटलं की तुला."

आणि त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात चूक पकडली गेल्याची लाज नव्हती. 'तू गप्प बस' एवढंच होतं. मग त्याने दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. काकू पडद्यापाशी ताठ उभी राहून कॅमेऱ्याकडे हसत होती. ज्या कॅमेऱ्याकडे ती हसत होती, तो तिला घेतच नव्हता.

पुढचा ग्रुप आला. काकू खाली उतरली. अंगठा फिरला. फाइव्ह पॉइंट सिक्स.

माझ्या हातातली बॅटरी त्याच्या टाळक्यात हाणावी असं मला वाटलं. मी स्टेजवरून उतरलो. 

जेवणाच्या हॉलबाहेर हात धुवायच्या नळांपाशी मी त्याला गाठलं.

"मुद्दाम केलंस."

"हळू बोल."

"स्वतःची आई, मल्लूदादा."

"माझी हाय म्हणूनच करालोय." त्याने तोंडावर पाणी मारलं. "निपाणीवाल्यांनी इचारलं हुतं, घराण्यात कोड हाय का. मी म्हटलं भाजल्याचा डाग हाय. आईनं बघायच्या कार्यक्रमात पदर म्होरं घेतला, तिकडं चालून गेलं. आता अल्बम निपाणीत घरोघरी फिरणार. एकेक बाई चष्मा लावून बघणार. उद्या शारदाला पोर झालं तर त्याच्या अंगावर डाग शोधत बसणार सगळी. मी काय करू सांग?"

"मग काढूच नको तिचा फोटो."

"मग म्हणतील आई कुठाय." तो माझ्याकडे वळला. "आई असली पायजे. दिसली न्हाई पायजे. कळलं?"

मला कळलं. गडहिंग्लजपासून कोल्हापूरपर्यंत आमचं भांडण कशावरून चाललं होतं तेही तिथे कळलं. मी माणसं बसवायला लेन्स मागत होतो आणि त्याला एक माणूस घालवायचा होता.

"मी काकूला सांगणार."

"सांग," तो म्हणाला. "जा, आत्ता सांग. पोरीच्या लग्नात."

मी सांगितलं नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र पंगतीत वाढताना, विहिणीशी बोलताना, शारदाच्या डोक्यावरून हात फिरवताना काकूचे फोटो काढले. संध्याकाळी मल्लूदादाने माझ्याकडून कार्ड घेतलं. अल्बमसाठी निवड तोच करणार होता. त्यातले पंगतीतले लाडू तेवढे अल्बमात गेले. कार्ड परत आलं तेव्हा रिकामं होतं.

शारदा पहिल्यांदा माहेरपणाला आली ती अल्बम घेऊनच. जाड पानांचा, चौकोनी, पेटीसारखा अल्बम. दुपारी तिने तो स्टुडिओतच काउंटरवर आपटला, बॅग खांद्यावरून काढायच्या आधी.

"दादा, जाऊबाई काय म्हणाल्या म्हाईत हाय? तुझ्या आईच्या जागी धूर उभा हाय म्हणाल्या. सगळी हसली. सासूबाईंनी प्रत्येक पान उलटं-सुलटं करून बघितलं. म्हणाल्या, एकाही फोटोत तोंड कसं न्हाई बाईचं? आता रोज इचारत्यात. लपवायला गेलास आणि बोट ठेवून दाखवलंस!"

"लेन्सच तसली हाय," मल्लूदादा म्हणाला. "वन पॉइंट फोरला मागचं..."

"मग ह्यांच्या काकांच्या मागं कार्यालयाचा शिपाई उभा हाय, त्याच्या शर्टाची गुंडीसुद्धा दिसती ती कशी?"

काकू आतून चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला, कनवटीचा चष्मा काढून लावला आणि अल्बम स्वतःकडे ओढला. पानं जाड होती. उलटताना प्रत्येक पानाचा आवाज यायचा.

एका पानावर ती थांबली. बोट ठेवलं.

"ही कोण?"

मल्लूदादा वायर गुंडाळायला लागला.

"मल्लू, ही कोण म्हणून इचारालोय."

"तूच न्हवं का."

"कशावरनं?"

"लुगड्यावरनं कळतंय की."

"लुगडं माझं हाय," काकू म्हणाली. "मी कुठाय?"

तिने पुढचं पान उलटलं. मग पुढचं. तिथे अंजिरी ओघळ होता, इथे अंजिरी ओघळ होता. शेवटच्या पानापर्यंत जाऊन ती परत पहिल्या अंजिरी ओघळाशी आली आणि अंगठ्याने तो पुसल्यासारखा केला.

"शिवा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे आपोआप हुतंय का करावं लागतंय?"

मल्लूदादाने माझ्याकडे बघितलं. तेच बघणं, स्टेजवरचं.

"करावं लागतंय काकू," मी म्हणालो. "आकडा फिरवावा लागतो. तू स्टेजवर आलीस की फिरवायचा, उतरलीस की परत."

"शिव्या!" मल्लूदादा ओरडला.

"त्याच्यावर कशाला वरडतोस?" काकूचा आवाज चढला नव्हता अजून. "तुझ्या बापाच्या हाताखाली मी पेन्सिल फिरवली. लोकांच्या पोरींच्या गालावरचे व्रण काढले, मस काढले, एकीचा तिरळा डोळा सरळ केला. डाग घालवत हुतो मी, मल्लू. माणूस न्हवता घालवला कुणाचा."

"आई, शारदासाठीच केलं की गं. तूसुद्धा पदर घेतलास तवा. भाजलं म्हणून सांगितलं तर गप्प बसलीस."

"बसलो. पोरीसाठी बसलो. पदर घेतला तो माझ्या हातानं घेतला. काढायचा कवा ते मला ठाऊक. हे?" तिने अल्बमवर थाप मारली, कपातला चहा हिंदकळला. "हे कवा काढणार? माझी नातवंडं बघतील आन म्हणतील, आज्जी कुठाय? तू काय सांगणार, लुगड्यावरनं वळखा?"

मग मात्र ती चढली. तिने मल्लूदादाला जे जे म्हणून घेतलं ते सगळं मला लिहिता येणार नाही. ऐकायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केलं. शारदा मध्ये पडायला गेली तर तिलाही दोन शब्द ऐकावे लागले: तू तरी बघाबघीत का तोंड शिवून बसलीस म्हणून. मल्लूदादा खाली मान घालून उभा. वायर गुंडाळून झाली होती, तो ती सोडून पुन्हा गुंडाळत होता.

शेवटी दम लागून ती स्टुलावर बसली.

"शिवा, त्या दिशी शेंगा निवडताना तू एक काढलास न्हवं? हाय का अजून तो?"

"हाय की. ठेवलाय."

मल्लूदादाने झटकन मान वर केली. "पुस म्हटलेलं न्हवं मी?"

"आण," काकू म्हणाली.

मी आतल्या कॉम्प्युटरवर तो उघडला. चौघेही त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. पडद्यावर काकू होती. बोट रोखलेलं, भुवया चढलेल्या, तोंड अर्धं उघडं, डाव्या डोळ्याभोवतीचा चट्टा उन्हात पांढराशुभ्र, त्याची कड अगदी नकाशातल्या किनाऱ्यासारखी. मनगटावरचेही सगळे. सुपातून पडणाऱ्या शेंगा हवेत थांबलेल्या.

काकूने बराच वेळ बघितलं.

"हां," ती म्हणाली. "ही मी."

"आई, त्यात तू भांडालीस," मल्लूदादा म्हणाला.

"मग आत्ता काय करालोय?"

शारदाला हसू आलं. काकूला आलं नाही.

"मोठा करून आण. केवढा म्हंजे? दारातल्या काचेत ती कडगावची नवरी हाय न्हवं, तेवढा. ती काढायची आन हा लावायचा."

"शोकेसमध्ये?" मल्लूदादाच्या तोंडातून शब्द नीट बाहेर पडेना. "अगं, तिथं लोक नवरीचे फोटो बघाय येत्यात. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"इचारंल. तू सांग."

"आणि निपाणीची?"

"निपाणीला एक कापी," काकू म्हणाली. "शारदे, जाताना घेऊन जा. अल्बमात पहिल्या पानावर चिकटव. सासूला म्हणावं, धूर न्हवं, ही बाई हाय. कोड हाय तिला. भाजलेलं न्हाई. आता काय करायचं ते त्यांनी करावं."

शारदाने आईकडे बघितलं आणि मान हलवली. घाबरली होती, पण फोटो तिने नेला.

कोल्हापूरच्या लॅबमधून मी मोठी प्रिंट करून आणली. काकूने काच स्वतः आतून-बाहेरून पुसली, कडगावची नवरी काढून मल्लूदादाच्या हातात दिली आणि फोटो सरळ बसतोय का ते बघायला रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. येणारे-जाणारे आधी फोटोकडे बघायचे, मग तिच्याकडे. तिने पदर पुढे घेतला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. निपाणीत काय काय झालं, शारदाने कसं निभावलं, तो वेगळा विषय आहे. एवढं सांगतो की तिला दोन मुलगे आहेत आणि तो फोटो तिच्याही सोप्यात आहे. मल्लूदादा आणि मी पुढे फार दिवस एकत्र राहिलो नाही. माझा राग निवला म्हणावं तर तसंही नाही. मी माझं वेगळं काम सुरू केलं तेव्हा पहिली वस्तू घेतली ती पस्तीसची लेन्स.

पण फोटो लागला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी अजून तिथेच होतो. नेसरीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन लग्नाचं काम ठरवायला आले. दारातच थांबले. काचेतल्या सगळ्या नवऱ्या सोडून त्यांची नजर एकाच ठिकाणी खिळली.

"ही बाई कोण वो?" त्यांनी विचारलं. "आन कुणावर चिडलीया एवढी?"

मल्लूदादा काउंटरवर वाकून लेन्सची काच पुसत होता. पंच्याऐंशी. त्याने वर बघितलं नाही.

"आई हाय," तो पुटपुटला.

आतल्या दारात शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"त्यास्नी ऐकू गेलं न्हाई, मल्लू," काकू म्हणाली. "मोठ्यानं सांग."